साक्षांकन नमुन्यात 'नाही' लिहू का? एका भरतीवाल्याचं पत्र

आधी पत्र थोडक्यात देतो, नाव गाव काढून.

"काका, मी सांगली जिल्ह्यातला, वय २४. पोलीस शिपाई भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही काढलं, निवड यादीत नाव आलंय. आता साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म, भरायला दिलाय. २०२२ ला विसर्जन मिरवणुकीत डीजेवरून दोन मंडळांत राडा झाला, आमच्या अकरा जणांवर बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, शिवीगाळ, धमकी याची १४३, १४७, १४९, ३२३, ५०४, ५०६ ही कलमं लावली, त्यात मी आहे, माझा चुलतभाऊ पण आहे, तेव्हा तो बारावीला होता. केस अजून तारखेवर तारीख चालूये. ऑनलाइन फॉर्म नेट कॅफेवाल्याने भरला होता, त्यात गुन्ह्याच्या रकान्यात 'नाही' टिक झालंय. अकॅडमीतले सर म्हणतात नमुन्यात पण नाहीच लिही, कोण बघतंय. आमचे वकील म्हणतात गुन्हा कबूल कर, दंड भर, केस संपव. शिवाय दर गणपतीला मला १४९ ची नोटीस येते आणि एकदा चॅप्टर होऊन बाँड पण घेतलाय, ते लिहायचं का? आणि दादाला रिक्षाचा बॅज काढायचाय, त्याने मागे जुगाराच्या केसमध्ये ३०० रुपये दंड भरलाय, त्याला बॅज मिळेल का?"

बाळा, आधी अभिनंदन. सोळाशे मीटर पळून, गोळा फेकून, वर लेखी काढून यादीत नाव येणं म्हणजे काय ते मला माहितीये, आमच्या गल्लीतली पोरं पहाटे चारला हायवेच्या कडेने पळताना रोज बघतो. आणि मी वकील नाही हे पण सांगून ठेवतो, कोर्टात बत्तीस वर्षं क्लार्की केली, फायली शिवल्या, तारखा लिहिल्या, नकला दिल्या, त्यातून जे बघितलं आणि जे वाचलं ते सांगतोय. चांगला वकील तुला लागणारच आहे, पण तो आत्ताचा नको वाटतोय मला, का ते पुढे येईल.

तुझ्या सरांपासून सुरू करू. 'कोण बघतंय' म्हणे! अरे ज्या खात्यात भरती व्हायला चाललायस त्याच खात्याच्या कॉम्प्युटरवर तुझा एफआयआर आहे, आणि पडताळणीचा कागद तुझ्याच गावच्या पोलीस स्टेशनला जाणारे. दर गणपतीला तुला नोटीस द्यायला येणारा हवालदारच तुझ्या चारित्र्याचा रिपोर्ट लिहायला बसला तर? तिथे 'नाही' लिहून तू कोणाला फसवणार?

आता कायदा काय म्हणतो. २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी अवतार सिंग विरुद्ध युनियन ऑफ इंडिया या केसमध्ये हा सगळा गुंता एकदाचा सोडवला, म्हणजे सोडवायचा प्रयत्न केला म्हण. त्याच्या आधी एका खंडपीठाने म्हणायचं पोरगं आहे माफ करा, दुसऱ्याने म्हणायचं लपवलं ना मग घरी जा. या निकालाचं सार असं की अर्जदाराने अटक, केस, शिक्षा, जे विचारलंय ते खरं सांगायचं. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच पाहिजे असं नाही, खात्याला पूर्वचारित्र्य बघायचा अधिकार राहतो. पण त्याने गुन्ह्याचं स्वरूप बघायचं, वय बघायचं, पद कोणतं ते बघायचं, उगाच यांत्रिकपणे 'केस आहे, बाद' असं करायचं नाही. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा असाच किरकोळ गुन्हा असेल तर लपवलेलं सुद्धा माफ करता येतं असं त्यात आहे. आणि तुझ्या कामाचं म्हणजे, किरकोळ स्वरूपाची केस चालू असेल आणि उमेदवाराने ती स्वतःहून खरी सांगितली असेल, तर केसच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. देता येते बरं का, दिलीच पाहिजे असं नाही. पण अनेक केस चालू असताना मुद्दाम लपवल्या तर तेवढ्यावरच नेमणूक रद्द करता येते.

म्हणजे तुझा हक्क नोकरीचा नाही, तुझा हक्क एवढाच की त्यांनी तुझा कागद नीट वाचून, विचार करून, कारण लिहून हो किंवा नाही म्हणावं. ऐकायला थोडा वाटतो, पण हा हक्क बऱ्याच जणांना मिळवून देतो, फक्त एका अटीवर, की तू खोटं बोललेला नसलास पाहिजे. खोटं बोललास की चर्चा राड्याची राहतच नाही, ती तुझ्या खोटेपणाची होते, आणि राडा माफ करणारा साहेब खोटेपणा माफ करत नाही.

'पण काका, ऑनलाइन फॉर्मवर नाही टिक झालंय त्याचं काय?' हां, हे खरंच नाजूक आहे. यावर दिल्ली पोलिसांची एक जुनी केस आहे, संदीप कुमारची, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०११ चा. त्या पोराने हेड कॉन्स्टेबलच्या अर्जात केस लपवली होती, ३२५ ची, म्हणजे गंभीर दुखापतीची होती, तडजोडीत सुटला होता. नंतर सगळ्या परीक्षा पास झाल्यावर साक्षांकन नमुन्यात मात्र त्याने स्वतःच लिहिलं. खात्याने त्याची उमेदवारी रद्द करायला घेतली, कोर्टाने मात्र त्याच्या बाजूने निकाल दिला, तरुण वयात पोरं चुका करतात, त्याच्याकडे जरा मोकळ्या मनाने बघा म्हणाले. बघ, तुझ्यासारखंच आहे, अर्जात नाही आणि नमुन्यात हो. म्हणून नमुना देताना सोबत साध्या कागदावर एक पत्र जोड, की ऑनलाइन अर्ज दुसऱ्याने भरला, त्यात अमुक रकान्यात चूक झाली, खरी माहिती अशी अशी आहे. नेट कॅफेवाल्याला शिव्या घालू नकोस त्यात, सबब वाटते, चूक माझी आहे असंच लिही. आवक शिक्का मारलेली पोच घे आणि ती पोच लॅमिनेट करू नकोस रे, पुढं कुठे खरी प्रत दाखवायची वेळ आली तर लॅमिनेट केलेल्या कागदाकडे संशयानेच बघतात.

कोणी तुला सांगेल की लपवूनही कोर्टात जिंकता येतं. येतं की. उत्तर प्रदेशातल्या रवींद्र कुमार नावाच्या शिपायाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२४ ला पोराच्या बाजूने निकाल दिला, त्याने सुटलेली केस लपवली होती. पण भरती कधीची होती माहितीये? २००४ ची. वीस वर्षं! एवढं सगळं करून मिळालेली वर्दी घालायला बापाच्या वयाचा झाला असेल तो. आणि उलटे निकालही आहेत, २०२२ ला सतीश चंद्र यादवच्या केसमध्ये, सीआरपीएफची होती ती, कोर्ट कडकच राहिलं, गणवेशातल्या नोकरीत लपवाछपवी चालणार नाही म्हणून. तेव्हा त्या जुगारात पडू नकोस. एका घरात एक जुगाराची केस पुरे.

आता तुझे वकील. 'कबूल कर, दंड भर, संपव.' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय मोजता येणार नाही. एक दिवस डोळ्यासमोर आहे, शनिवारची सकाळ, किरकोळ केसेस निकाली काढायची मोहीम, कोर्टाच्या व्हरांड्यात पोरांची रांग, कोणी कामावरून सुट्टी काढून आलेला, कोणी बायको बाळाला घेऊन. आत गेलं की साहेब विचारतात गुन्हा कबूल आहे का, पोरगं वकिलाकडे बघतं, वकील मान हलवतो, पोरगं म्हणतं कबूल साहेब, दोनशे रुपये, पावती, पुढचा. दोन मिनिटं पण नाही लागत. बाहेर येऊन चहा पितात, सुटलो म्हणून. त्यातलाच एक पोरगा चार वर्षांनी माझ्या खिडकीवर आला नक्कल मागायला, बँकेच्या सिक्युरिटीची नोकरी होती, फॉर्ममध्ये 'शिक्षा झाली आहे का' विचारलं होतं, त्याने 'नाही' लिहिलं होतं आणि ते त्याला खरंच वाटत होतं. म्हणाला, काका मी तर दंड भरून सुटलो होतो ना? मी निकालाची ओळ बोटाने दाखवली, 'आरोपीस दोषी ठरविण्यात येत आहे'. दंड ही शिक्षाच असते रे. दोनशे रुपये असो की दोन वर्षं, कागदावर दोषी म्हणजे दोषी. तो पोरगा किती वेळ ती ओळ वाचत उभा होता, मागची लाईन ओरडायला लागली.

म्हणून कबुली देऊ नकोस. तुझी केस चालू आहे, म्हणजे आज तू कायद्याने निर्दोषच आहेस, आणि तुझ्या हातात तीन वाटा आहेत. एक, समोरच्या मंडळाशी तडजोड. ३२३, ५०४, ५०६ ही कलमं तडजोडीला योग्य आहेत, फिर्यादी तयार असेल तर मिटतात, आणि तडजोड झाली की कायद्याने ती निर्दोष सुटकाच धरतात. पण १४३, १४७ म्हणजे बेकायदा जमाव आणि दंगा, ती खालच्या कोर्टात मिटत नाहीत, त्यासाठी हायकोर्टात जाऊन फिर्यादीच्या संमतीने एफआयआर आणि चार्जशीट रद्द करून घ्यावं लागतं. पूर्वी त्याला मुंबईच्या खेपा घालाव्या लागायच्या, आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगलीकरांना तर एसटीचा प्रवास आहे. अशा गावकीच्या भांडणात दोन्हीकडचे हात जोडून उभे राहिले तर कोर्ट बहुतेक वेळा रद्द करतं, कधी कधी एखाद्या संस्थेला काही रक्कम द्यायला लावतं, ते दे आणि मोकळा हो. माझ्या मते तुझी हीच वाट आहे आणि नमुना गेल्यावर नाही, आत्ताच धर. मंडळाचे अध्यक्ष एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या आया बोलत असतील, तिथून सुरू कर.

दुसरी वाट म्हणजे केस लढवून सुटणं. पण साक्षीदार फितूर झाले म्हणून किंवा संशयाचा फायदा मिळाला म्हणून सुटलास, तर पोलीस खातं म्हणू शकतं की ही काही सन्मानाने सुटका नाही. २०१३ च्या मेहर सिंगच्या निकालात कोर्टाने खात्याची ही बाजू मान्य केलेली आहे, आणि तिथे तडजोडीनेच सुटका झाली होती, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर तू म्हणशील काकाने अर्धंच सांगितलं. त्या केसमध्ये हत्यारं घेऊन केलेला हल्ला होता मात्र, ढकलाढकली नव्हती. तुझ्या चार्जशीटमध्ये तुझ्या नावापुढे नेमकं काय लिहिलंय, तू मारलंस की नुसता गर्दीत होतास, हे इथे फार महत्त्वाचं आहे, आणि पैज लावतो, तू चार्जशीट अजून वाचलेली नाहीस. तिसरी वाट, सामाजिक आणि राजकीय आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचे शासन निर्णय निघतात ना, सरकारी वकील अर्ज करतो, कोर्ट परवानगी देतं, तर ते आंदोलनासाठी असतं, डीजेच्या राड्याला ते लागू होईल या आशेवर बसू नकोस, पुढारी काही म्हणोत.

आणि समजा उद्या काही कारणाने दोषी ठरलासच, तर वकिलाने निदान परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा तो कायदा, त्याखाली सोडा अशी मागणी केलीच पाहिजे. पहिलाच गुन्हा, वय कमी, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतात, आणि त्या कायद्याचं कलम १२ म्हणतं की अशा शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. दोष पुसला जात नाही त्याने, सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय, पण दारं बंद व्हायची ती किलकिली तरी राहतात. व्हरांड्यातल्या त्या रांगेतल्या एकाही वकिलाने हे मागितलेलं मी ऐकलं नाही. मागायला एक ओळ लागते.

नोटीस आणि चॅप्टरचं काय? १४९ ची नोटीस फौजदारी प्रक्रिया संहितेतली, तुझ्या केसमधलं १४९ वेगळं, नव्या संहितेत ती १६८ झाली, ती म्हणजे नुसती समज, गुन्हा नाही, केस नाही, ती कुठे लिहायची गरज नसते, कोणी विचारतही नाही. चॅप्टर म्हणजे जुनं १०७, आता १२६, ती प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नाही. पण बऱ्याच साक्षांकन नमुन्यांत अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का, याबरोबर 'बंधपत्र घेतलं आहे का' असाही प्रश्न असतो. तसा असेल तर हो लिही, तारीख टाक. नसेल तर स्वतःहून कादंबरी लिहू नकोस. अवतार सिंगमध्ये हेही आहे की प्रश्न नेमका असला पाहिजे, जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येत नाही. पुढेमागे खासगी कंपनीत गेलास तरी हेच धोरण, 'शिक्षा झाली आहे का' विचारलं तर आज तुझं खरं उत्तर नाही आहे, 'केस चालू आहे का' विचारलं तर हो आहे. खासगी नोकरीत मात्र जुन्या केसमुळे नाकारू नका असं म्हणणारा कायदा आपल्याकडे नाही, तिथे सगळं मालकाच्या मनावर.

आता ज्या गोष्टीने मी पत्र दोनदा वाचलं ती. चुलतभाऊ तेव्हा बारावीला होता हे तू असंच जाता जाता लिहिलंयस. अरे सप्टेंबरमध्ये बारावीत असलेलं पोरगं बहुतेक सतरा वर्षांचं असतं! एफआयआरमध्ये त्याचं वय काय लिहिलंय बघ, गर्दीच्या केसमध्ये जमादार सगळ्यांना १९, २०, २१ लिहून मोकळा होतो. घटनेच्या दिवशी त्याला अठरा पूर्ण नसतील तर त्याची केस या कोर्टात चालायलाच नको, ती बाल न्याय मंडळापुढे जायला पाहिजे, आणि वयाचा मुद्दा कोणत्याही कोर्टात कधीही काढता येतो, निकाल लागल्यानंतरसुद्धा. पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर जन्मदाखला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की मंडळाने दोषी धरलं तरी त्यामुळे कुठलीच अपात्रता लागत नाही, आणि ते रेकॉर्ड ठराविक काळाने नष्ट करायचं असतं. मोठ्यांसारखा खटला चाललेले सोळा ते अठरामधले अपवाद आहेत, पण ते फार गंभीर गुन्ह्यांसाठी, डीजेसाठी नाही. तो पण भरतीची तयारी करत असेल तर आजच्या आज त्याला हे वाचून दाखव. तुझ्या वकिलांनी चार वर्षांत हे बघितलं नाही म्हणून म्हणतोय, वकील बदल. फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर फुकट वकील देतात, १५१०० वर फोन करून पण विचारता येतं.

दादाचं त्यामानाने सोपं. त्याला 'बारा अ' मध्ये, म्हणजे जुगार कायद्याच्या कलमात, दंड झाला म्हणजे शिक्षा झाली, ते लपवायचं नाही, चारित्र्य दाखल्याच्या अर्जात खरं लिहायचं. पण ३०० रुपयांच्या एका दंडाने कोणी सराईत गुन्हेगार होत नाही. मोटार वाहन कायद्यात लायसन्स रद्द करायच्या किंवा त्यासाठी अपात्र ठरवायच्या कारणांत आहे ते 'सराईत गुन्हेगार किंवा सराईत दारुडा' असं, ते पण म्हणणं ऐकून घेऊन, कारण लेखी देऊन, आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील आहे. बॅजचे नियम राज्याचे वेगळे आहेत, पण तिथेही काउंटरवरच्या माणसाने 'केस आहे, नाही होणार' म्हटलं तर दादाने गुपचूप घरी यायचं नाही आणि बाहेरच्या एजंटकडे तर मुळीच जायचं नाही, अर्ज रीतसर आत द्यायचा, पोच घ्यायची, नकार लेखी मागायचा. तोंडी नकाराला अपील नसतं म्हणूनच तो तोंडी देतात. महिनाभर काही आलं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार टाकायचा, माझ्या अर्जावर काय शेरा आहे त्याची प्रत द्या. शेरा मागितला की शेरा लिहिणाऱ्याचा हात जरा जपून चालतो.

तुलाही खात्याने नाही म्हटलं तर हेच, लेखी आदेश घे. त्यात तुझी केस काय, वय काय, तू खरं सांगितलंस, याचा विचार दिसत नसेल, नुसतं 'गुन्हा प्रलंबित सबब अपात्र' एवढंच असेल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, सगळे त्याला मॅट म्हणतात, सांगलीला मुंबईचं खंडपीठ लागतं. मुदत साधारण एक वर्षाची, पण पोलीस भरतीत एक वर्ष थांबायचं नसतं, जागा भरून जातात, महिन्याभरात जा.

सोमवारी पहिलं काम नक्कल विभागात. एफआयआर, चार्जशीट आणि आजपर्यंतचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, तिन्हीची सर्टिफाइड नक्कल माग, नमुन्याला जोडायला लागेल आणि हायकोर्टाच्या वकिलालाही. अर्जावर नुसतं नाव लिहू नकोस, एका नावाचे दहा आरोपी असतात, केस नंबर आणि वर्ष लिही, ईकोर्ट्सच्या ॲपवर मिळेल. अकराच्या आत जा, दुपारनंतर खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला असतो, मीच सांगतोय.